दुसऱ्यांदा आलेला शब्द काय काम करतो?

प्रश्न असा आहे: "मी शाळेत मराठी शिकवते आणि अधूनमधून लिहिते. आजीवरचा माझा लेख एका दिवाळी अंकाकडून 'पुनरुक्ती फार' एवढ्याच शेऱ्यानिशी परत आला. पण बोलताना आपण हळूहळू, गरम गरम, जाता जाता असं सारखं दोन-दोनदा बोलतो, ते कुणाला खटकत नाही. मग लिहिताना तोच दोष कसा? आणि वर्गात मुलांकडून पाढे-कविता घोकून घेऊ नका म्हणतात, तेही बरोबर आहे का?" लेखातला एक परिच्छेदही सोबत जोडला आहे, त्याकडे पुढे येतोच.

हस्तलिखितं तपासण्यात आणि प्रुफं वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. मध्ये काही काळ अमराठी मंडळींना मराठीही शिकवलं. या दोन्ही कामांत मी पुनरुक्तीला एकच प्रश्न विचारतो: दुसऱ्यांदा आलेला शब्द पहिल्याने केलं तेच काम पुन्हा करतोय, की वेगळं काही करतोय? तेच करत असेल तर काटा. वेगळं करत असेल तर त्याला हात लावू नका, मग समोरच्याने कितीही लाल शाई ओतलेली असो.

आपली गंमत अशी की पुनरुक्तीला नावं ठेवायला मराठीइतके शब्द क्वचितच कुठे असतील. चर्वितचर्वण, पिष्टपेषण, पोपटपंची, घोकंपट्टी, गुऱ्हाळ, तुणतुणं, चऱ्हाट, जुनंच उगाळणं, तेच तेच दळण. सुधारणा होईना की 'पहिले पाढे पंचावन्न', आणि खोड गेली नाही की 'ये रे माझ्या मागल्या'. एवढी चीड असलेल्या भाषेत चार वाक्यं सरळ बोला बघू, एकही शब्द दोनदा न येऊ देता. जमणार नाही. 'तेच तेच दळण' म्हणतानाही 'तेच' दोनदाच म्हणावं लागतं.

आधी बोलण्यातली द्विरुक्ती घेऊ, कारण खरी मजा तिथेच आहे आणि शाळेच्या व्याकरणात तिची बोळवण 'अभ्यस्त शब्द' या एका पानात होते. पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त, अनुकरणवाचक अशी तीन खणांत वाटणी केली, प्रत्येकी पाच उदाहरणं पाठ केली की प्रकरण संपलं. ती काम काय करते हे कुणी विचारतच नाही.

समोर पाच मुलं आहेत. "मुलांना दोन लाडू दे" म्हटलं तर डब्यातून दोन लाडू जातील. "मुलांना दोन-दोन लाडू दे" म्हटलं तर दहा. शब्द तोच, प्रत्यय नाही, विभक्ती नाही, नुसता पुन्हा उच्चारला आणि त्याने चक्क गुणाकार केला. 'प्रत्येकी' हा वेगळा शब्द न वापरताही भागतं. घरोघरी, गावोगावी, पदोपदी, गल्लोगल्ली हे त्याच घराण्यातले. एकही घर न सोडता, हे सगळं त्या मधल्या 'ओ'कारात आलं. पण "त्याच्याकडे तीन तीन गाड्या आहेत" या वाक्यात गाड्या तीनच आहेत, नऊ नाहीत. तिथे दुसऱ्या 'तीन'ने गाड्या मोजल्या नाहीत, बोलणाऱ्याच्या पोटातली जळजळ मोजली. माझ्या अमराठी विद्यार्थ्यांना हे दोन 'तीन' वेगळे करायला वेळ लागायचा. मराठी मूल ते न शिकवता सहज करतं.

विशेषणांकडे या. 'गरम गरम भजी' म्हणजे कढईतून नुकतीच निघालेली, अगदी गरम. पण आई कपाळाला हात लावून म्हणते, "अंग गरम गरम लागतंय गं," तेव्हा ताप फार आहे असं ती म्हणत नाही. ताप असावा, कणकण असावी, एवढंच. "ताक आंबट आहे" हा निकाल झाला, "ताक आंबट-आंबट लागतंय" हा संशय. एकच द्विरुक्ती एकीकडे रंग गडद करते आणि दुसरीकडे फिका. बहुधा नियम असा दिसतो: नामाच्या आधी बसली की जोर वाढतो, आणि लागणे, वाटणे, दिसणे यांच्या संगतीत गेली की ओसरतो. 'उंच उंच इमारती', 'लाल लाल डोळे' हे वाढलेले. 'भिंत पिवळी पिवळी दिसतेय', 'जरा जड जड वाटतंय' हे ओसरलेले. 'गोड गोड बोलणं' मात्र दोन्हींत बसत नाही. तिथे गोडी वाढली की भरवसा कमी होतो.

हा बारकावा आजचा नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायाचा आरंभच द्विरुक्तीने केला आहे. 'सर्वस्य द्वे' या सूत्रापासून शब्द दोनदा कधी म्हणायचा याचं प्रकरण सुरू होतं. दुसऱ्यांदा आलेल्या रूपाला त्याने स्वतंत्र नावच दिलं: आम्रेडित. 'नित्यवीप्सयोः' या सूत्रात दोन कामं सांगितली, एक सातत्य आणि दुसरं 'प्रत्येक' हा अर्थ. म्हणजे आपले लाडू तिथे आहेतच. आणखी पुढे 'प्रकारे गुणवचनस्य' असं सूत्र आहे: गुणवाचक शब्द दोनदा आला की त्या गुणाचा 'प्रकार', म्हणजे पुरता गुण नव्हे, त्या बाजूला झुकणारं काहीतरी. टीकाकारांचं उदाहरण 'पटुपटुः'. पटू नव्हे, पटूसारखा, थोडाफार हुशार. अडीच हजार वर्षांच्या आसपासची ही नोंद आणि आपलं आंबट-आंबट ताक एकाच रेषेवर आहेत. शाळेच्या पुस्तकाने निदान एवढं सांगायला हरकत नव्हती.

क्रियापदांत हिचं काम आणखी वेगळं. "बोलता बोलता घर आलं." इथे 'बोलता घर आलं' असं कुणी म्हणत नाही, ते वाक्यच होत नाही. दोनदा म्हटल्याने वेळ ताणला जातो, आणि त्या ताणलेल्या वेळात दुसरी घटना शिरते. "पडता पडता वाचला" यात तो पडलेलाच नाही. "रडून रडून डोळे सुजले" यात रडणं संपलंय आणि खूण मागे राहिली आहे. "देऊन देऊन किती देईल?" यात तर द्विरुक्तीने कमाल मर्यादा सांगितली: फार फार तर किती. 'करून करून भागला नि देवपूजेला लागला' ही म्हण एका 'करून'वर उभीच राहणार नाही.

आणि माणसामाणसांतली द्विरुक्ती. पाहुणा दारात आला. "या" म्हटलं तर त्याला वाटेल, आपण नको त्या वेळी आलो. "या या" म्हटलं की चप्पल काढतो. खुर्चीवरचा माणूस मान देण्यासाठी उठू लागला की "बसा" नाही, "बसा बसा" म्हणायचं. नुसतं "बसा" ही आज्ञा झाली. "हो" म्हणणारा बहुधा काम करतो. "हो हो" म्हणणाऱ्याला पुन्हा आठवण करावी लागते. "बरं" हे ऐकून घेणं, "बरं बरं" हे आवरतं घ्या. यातलं एकही अक्षर शब्दकोशात शोधून सापडणार नाही, आणि यातलं एकही चुकलं तर माणूस दुखावतो.

प्रतिध्वनीसारखा येणारा 'बि' तर माझा विशेष आवडता. चहाबिहा, पुस्तकबिस्तक, लग्नबिग्न, शाळाबिळा. पहिलं अक्षर काढायचं, तिथे 'बि' बसवायचा, बाकी शब्द तसाच. हिंदीवाले 'चाय-वाय' म्हणतात, कन्नडमध्ये 'ऊट-गीट'. आपण 'बि' धरला. तो कुठल्याही नव्या शब्दाला चिकटतो, 'पासवर्डबिसवर्ड'लासुद्धा, आणि त्यासाठी कुठल्या समितीची परवानगी लागत नाही. अर्थ वरवर 'इत्यादी' असा. पण "चहा घेणार?" आणि "चहाबिहा घेणार?" यांतला फरक 'इत्यादी'चा नाही. दुसऱ्या वाक्याने समोरच्याला मोकळीक दिली. चहा नको तर सरबत माग, काहीच नको तर तसं सांग, मी हातात भांडं घेऊन उभी नाही. उलट "डॉक्टरबिक्टरकडे जायची काही गरज नाही" यात डॉक्टरांची किंमत केली. "देवबिव काही नसतं" म्हणणारा नास्तिक असेलच असं नाही, वैतागलेला नक्की आहे. "तापबिप नाही ना?" यात काळजी आहे, पण ती हलकी करून विचारली. आणि 'आईबिई' असं आपण आपल्या आईबद्दल म्हणत नाही. म्हणून बघा, जीभ अडखळते. 'बि' लागला की वस्तूचं एकटेपण, तिचा मान जातो, म्हणूनच जिथे मान राखायचा तिथे तो येत नाही.

बाजारहाट, कागदपत्रं, रीतिरिवाज, थट्टामस्करी या जोड्यांत दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, पण एक इथला आणि एक फारसी-अरबीच्या वाटेने आलेला. दोन भाषा एकाच बाजारात आणि एकाच कचेरीत शेजारी बसल्याची ती खूण. आज कुणी 'कागदपत्रं'मधलं एक काटत नाही, कारण दोन मिळून आता तिसरंच काहीतरी झालंय: साध्या कागदाला कुणी कागदपत्र म्हणत नाही.

लिहिताना एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, शिक्षिका आहात म्हणून सांगतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत पुनरुक्त शब्दांसाठी वेगळा नियम आहे. दुसरं आणि चौथं अक्षर दीर्घ असेल तर तसंच ठेवायचं: हळूहळू. पण शब्द नादानुकारी असेल तर ऱ्हस्व: दुडुदुडु, लुटुलुटु, रुणुझुणु. प्रुफात सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी सापडतात.

आता तुमचा परिच्छेद. तो असा आहे: "आजी पहाटे चारला उठायची. आजी चूल पेटवायची. आजी सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळ्यांच्या नंतर जेवायची. आजी फार कष्टाळू होती. तिने आयुष्यभर खूप कष्ट उपसले. संसारासाठी ती राब राब राबली."

अंकाच्या संपादकांनी चारही 'आजी' अधोरेखित केल्यात. माझ्या मते तिथे रेघ पडायलाच नको होती. मराठीत कर्ता सांगायची सक्ती नाही. 'उठायची, पेटवायची' यातच बाई कळते, एकदा 'आजी' म्हटलं की पुढे तो शब्द न घेता दहा वाक्यं जातात. म्हणूनच, गरज नसताना तो पुन्हा पुन्हा येतो तेव्हा वाचकाला काहीतरी ऐकू येतं: प्रत्येक कामाला तीच. घरात इतर माणसं होती आणि प्रत्येक कामापुढे नाव हिचंच. हे दुसऱ्या-तिसऱ्या 'आजी'चं काम पहिलीपेक्षा वेगळं आहे. ती राहू द्या.

खरी पुनरुक्ती दुसरीकडे आहे आणि तिच्यावर रेघ नाही, कारण तिथे शब्द बदललेत. 'पहाटे चारला उठायची' आणि 'सगळ्यांच्या आधी उठायची' ही एकच माहिती. 'कष्टाळू होती', 'कष्ट उपसले', 'राब राब राबली' ही एकच गोष्ट तीनदा. यातलं पहिलं म्हणजे शेरा, दुसरं तोच शेरा लांबवलेला. तिसऱ्यात मात्र त्या धातूच्या तीन ठोक्यांत श्रम ऐकू येतात. मी असा ठेवीन: "आजी पहाटे चारला उठायची. आजी चूल पेटवायची. आजी सगळ्यांच्या नंतर जेवायची. राब राब राबली." 'कष्टाळू' हा शब्द वाचकाच्या मनात आपोआप येईल, आणि तो तिथेच यायला हवा.

शब्दांची पुनरुक्ती डोळ्यांना दिसते म्हणून सगळे तिच्यामागे लागतात. विचाराची पुनरुक्ती वेश बदलून येते म्हणून सुटते. माझ्याकडे येणाऱ्या लेखांत शंभरातल्या बहुतेक दुरुस्त्या या दुसऱ्या प्रकारच्या असतात: प्रस्तावनेत सांगितलं, मध्ये सांगितलं, शेवटी 'थोडक्यात' म्हणून पुन्हा सांगितलं.

शब्दाची पुनरुक्ती टाळायच्या धाकाने तर भलतंच होतं. शाळेतल्या निबंधात सूर्य उगवतो, रवी वर येतो, भास्कर तळपतो आणि संध्याकाळी दिनकर मावळतो. एका आकाशात चार. वर्तमानपत्रातही आधी 'बिबट्या', मग 'हिंस्र श्वापद', मग 'वन्यप्राणी', आणि वाचक विचारात पडतो की एकूण जनावरं किती. मुलांना समानार्थी शब्द जरूर शिकवा, पण एकाच परिच्छेदात सगळे वापरायला लावू नका.

करारमदारात तर हे धोक्याचं. जुन्या खरेदीखतात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' हे दोन शब्द पानोपानी येतात, वाचून डोकं उठतं. पण त्या लिहिणाऱ्याला माहीत असतं की एका ठिकाणी 'घेणारा' आणि दुसऱ्या ठिकाणी 'मालक' लिहिलं की उद्या कुणीतरी म्हणणार, ही दोन माणसं. तिथे तोच शब्द तसाच्या तसा येणं हेच त्याचं काम. औषधाची सूचना, पाककृती, गणिताचं उदाहरण, सगळीकडे हाच न्याय.

'पिवळा पीतांबर', 'गाईचं गोमूत्र', 'लेडीज बायका' यांवर हसायला मीही तयार आहे. ते काटायचंच. पण 'परत पुन्हा'ला मी सरसकट हात लावत नाही. बातमीत तो कचरा आहे, भांडणातल्या संवादात "परत पुन्हा या दारात येऊ नकोस" यात तो जागेवर आहे.

लिहिलेल्या शब्दाकडे मागे वळून पाहता येतं, ऐकलेल्याकडे येत नाही. म्हणून जिथे कानावर भिस्त आहे तिथे पुनरुक्तीला फार मोठा मान. जात्यावरची ओवी घ्या. एक बाई ओळ म्हणते, दुसरी ती उचलते, ओळ पुन्हा फिरते. ऐकणाऱ्याला वाटतं, किती ती पुनरावृत्ती. पण त्या फिरण्यात पुढची ओळ जुळवायला वेळ मिळतो, आणि हातातला खुंटाही त्याच लयीत फिरत असतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. कागदावर न लिहिता एवढं उभं राहिलं ते या ओळ परत उचलण्याच्या जोरावर. पोवाड्यातले झीलकरी 'जी जी रं जी' म्हणतात तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि श्रोत्यांच्या डोक्यात मागचा प्रसंग बसतो. लिलावातलं 'एकवार, दोनवार, तीनवार' हेही तेच, तिथे वेळ बोली वाढवणाऱ्याला दिलेला असतो.

वेदपठणात पुनरुक्तीचा उपयोग चक्क तपासणीसाठी केला. घनपाठात तीन पदं घेतली, क, ख, ग, तर म्हणायचं असं: कख, खक, कखग, गखक, कखग. मग एक पद पुढे सरकायचं आणि पुन्हा तेच. उलटं-सुलटं म्हणताना प्रत्येक जोडीचा संधी नव्याने करावा लागतो, त्यामुळे एक अक्षर गळलं किंवा जागा बदलली तर लगेच अडखळायला होतं. प्रुफवाचकाला हेवा वाटावा अशी ही व्यवस्था. युनेस्कोने २००३ मध्ये या पठणपरंपरेची मौखिक वारसा म्हणून दखल घेतली. हेही खरं की एवढी घट्ट बांधलेली पेटी बहुतेक समाजाला उघडायची मुभाच नव्हती. वारकऱ्यांनी पुनरुक्तीचा उलटा उपयोग केला. हरिपाठात 'हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा' हे ध्रुपद परत परत येतं. ते इतकं सोपं की आज पहिल्यांदा दिंडीत आलेला माणूसही दुसऱ्या वेळेपासून आवाज मिळवतो. एका पुनरुक्तीने चूक बाहेर ठेवली, दुसरीने माणूस आत घेतला.

संगीतातलं एकच उदाहरण देतो, कारण 'दुसऱ्यांदा आलेल्याचं काम' तिथे बोटांवर मोजता येतं. तीनताल, सोळा मात्रा. 'तिटकत गदिगन धा' हा तीन मात्रांचा तुकडा नवव्या मात्रेवर, म्हणजे तालातल्या 'खाली' या जागेवर, सुरू करा. पहिल्यांदा तो नऊ ते अकरा मात्रांत बसतो, दुसऱ्यांदा बारा ते चौदा, तिसऱ्यांदा पंधरा, सोळा आणि शेवटचा 'धा' बरोबर समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. बोल तिन्ही वेळा तेच, अक्षराचाही फरक नाही. पण पहिल्यांदा आपण तुकडा ऐकतो, दुसऱ्यांदा ओळखतो, तिसऱ्यांदा तो कुठे उतरणार हे आपल्याला आधीच कळलेलं असतं आणि समेवर हात आपोआप पडतो. एक आवृत्ती कमी केलीत तर सम गाठलीच जात नाही.

आता घोकंपट्टी. 'घोकून घेऊ नका' हा सल्ला अर्धाच आहे. पूर्वी संध्याकाळी दिवेलागणीला परवचा असायचा. शुभंकरोति झालं की पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, अगदी औटकीसुद्धा. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, आता पुष्कळांना शब्दही माहीत नाही. त्याचा फायदा दुकानाच्या गल्ल्यावर दिसायचा. 'बे दुणे चार, बे त्रिक सहा' या चालीत आकडा जिभेवर बसतो आणि डोकं पुढच्या पायरीसाठी मोकळं राहतं. भागाकार करताना सात आठे किती हे शोधत बसलेल्या मुलाचा भागाकार कुठे चुकला हे त्यालाही सांगता येत नाही.

पण परवच्याचं बळ 'रोज थोडं' यात होतं, हे आपण विसरलो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्मरणावरचं पुस्तक काढलं. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो स्वतःच पाठ करायचा आणि किती वेळा म्हणावं लागलं याची नोंद ठेवायचा. त्याला असं आढळलं की एकाच दिवशी ६८ वेळा म्हणून जे साधतं, तेवढंच तीन दिवसांत वाटून ३८ वेळा म्हटल्याने साधतं. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकणारं मूल जवळजवळ दुप्पट हमाली करतं, तीही त्या एका सकाळपुरती.

दुसरी गोष्ट, पुस्तकात बघून दहादा वाचणं आणि पुस्तक मिटून दहादा आठवणं ही एकच पुनरावृत्ती नव्हे. बघून वाचताना दुसरी वेळ पहिलीसारखीच जाते. मिटून आठवताना प्रत्येक वेळी डोक्याला ती वस्तू शोधून काढावी लागते, अडखळावं लागतं, आणि त्या अडखळण्यानेच ती पक्की होते. वर्गात सगळ्यांनी एका सुरात पाढा म्हणताना मागच्या बाकावरची चार मुलं नुसती री ओढत असतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. सुरात एकदा म्हणून झाला की मधूनच विचारा, सात सख? मग नऊ चोक? क्रम मोडला की कळतं कुणाला येतो आणि कुणाला नुसती चाल येते.

कवितेलाही हेच लागू. पाठांतर करून घ्याच. अर्थ न कळता पाठ झालेली ओळ वाया जात नाही, पुष्कळदा ती वीस वर्षांनी कळते. फक्त पाठ म्हणून दाखवली म्हणजे समजली असं धरून गुण देऊ नका.

पुनरावृत्तीची एक बाजू मात्र मला खरंच घाबरवते. १९७७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने काही विधानं दाखवून ती किती खरी वाटतात हे विचारलं. त्यांतली काही विधानं दर वेळी परत येत होती. परत आलेली विधानं, मग ती खोटी का असेनात, दर वेळी जास्त खरी वाटू लागली. नवा पुरावा काहीच नव्हता, फक्त ओळख वाढली होती. मोबाइलवर सकाळपासून पाच गटांत आलेला तोच मजकूर संध्याकाळी 'सगळेच म्हणतायत' होतो तो असा. इथे दुसऱ्या वेळेने काम केलं, पण आपल्या नकळत, आणि भलत्याचंच.

आणि उलट बाजू: 'रोज मरे त्याला कोण रडे'. तेच दुःख रोज ऐकलं की कान बधिर होतात. खरं आहे, पण तेही सगळीकडे नाही. कुणाकडे मयत झालं की पुढचे दहा-बारा दिवस लोक भेटायला येतात. प्रत्येक जण दाराशी चप्पल काढून, सतरंजीवर बसून, हलक्या आवाजात तेच विचारतो, "कसं झालं?" आणि घरातली ती बाई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगते. रात्री जेवले, पाणी मागितलं, मी उठेपर्यंत. आपल्याला वाटतं, काय हा छळ, एकदाच सगळ्यांना का सांगत नाहीत. पण पहिल्या दिवशीचं सांगणं आणि दहाव्या दिवशीचं सांगणं नीट ऐका. पहिल्या दिवशी क्रमच नसतो, पाणी आधी की हाक आधी हे तिचं तिलाच लागत नसतं. चौथ्या-पाचव्या दिवशी क्रम लागतो. मग काही तपशील गळतात, एखादा ठरावीक शब्द दर वेळी त्याच ठिकाणी यायला लागतो. दहाव्यापर्यंत जिथे आवाज फुटायचा तिथे ती क्षणभर थांबते आणि पुढे जाते. ऐकणाऱ्यांना नवीन काहीच कळत नाही. म्हणून तिथे "हे तुम्ही मघाशी सांगितलंत" असं म्हणू नये.

तुमच्या लेखाकडे परत. संपादकांचा शेरा पूर्ण चुकीचा नाही, रेघा चुकीच्या ठिकाणी पडल्यात. लेख मोठ्याने वाचा, घरातल्या कुणाला तरी ऐकवा. ऐकणाऱ्याने मान हलवून 'हं, हं' सुरू केलं की समजा तिथे विचार परत आला, शब्द वेगळे असले तरी. ती वाक्यं काढा. चारसहाशे शब्द सहज निघतील असा माझा अंदाज आहे. 'आजी'ला हात लावू नका. आणि शेवटच्या परिच्छेदात 'अशी होती माझी कष्टाळू, प्रेमळ आजी' असं काही लिहिलं असेल, बहुधा असेलच, तर तो परिच्छेद अख्खा काढून लेख दुसरीकडे पाठवा.